भाचीचे डोळे आले नव्हते

त्या पावसाळ्यात आमच्याकडे ज्याला त्याला डोळे आले होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. रोह्याच्या बाजारात छत्र्यांच्या शेजारी काळे गॉगल टांगलेले दिसायचे. शाळेत वर्ग अर्धे रिकामे. एसटीत गॉगलवाला माणूस चढला की त्याच्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात असा सगळ्यांचा पक्का समज होता, त्यामुळे सगळा तालुका एकमेकांशी जमिनीकडे बघून बोलत होता. तेव्हा मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

आमचं गाव निडी स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. घरची भातशेती, आणि भात निघाल्यावर त्याच रानात वाल. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. रोह्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी बाबांना शाळेत बोलावून घेतलं आणि सांगितलं, याला शेतात घालू नका, याला पुढे शिकवा. बाबांनी मान हलवली आणि मला शिकवलं. त्या दोघांचे उपकार मी कधी विसरणार नाही. बी.एस्सी. झाल्यावर मला रोह्याजवळ धाटावला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. नळीत पाणी घ्यायचं, त्यात थेंब थेंब औषध सोडायचं, रंग कधी बदलतो ते बघायचं, असं काम.

पण गावात आणि नात्यात बी.एस्सी.चा अर्थ वेगळाच होता. कोणाच्या म्हशीला काही झालं, कोणाला कचेरीतून कागद आला, कोणाला गोळ्यांचं पाकीट वाचून हवं असलं, की मला बोलावणं. तू शिकलेला, तू बघ. आणि मी बघून काही सांगितलं, की तेच लोक म्हणायचे, हा शिकलेला, ह्याला काय कळतंय घरातलं. ही दोन्ही वाक्यं मी त्या पावसाळ्यात इतक्या वेळा ऐकली की अजून कानात आहेत.

माझी थोरली बहीण पेणला दिलेली. रामवाडीत तिच्या सासरचा गणपतींचा कारखाना. घराला लागूनच लांब शेड, तीत फळ्यांवर ओळीने मूर्ती. आषाढ लागला की त्या घरात माणसांना बसायला जागा उरत नाही. जेवणाची पानं मूर्तींच्या मधे मांडायची. ताईची मुलगी, माझी भाची, तेव्हा दुसरीत होती. तिचा जन्मच त्या शेडमधला म्हटलं तरी चालेल. अक्षरांच्या आधी ती रंग शिकली. लाल, हिरवा असे नाही. सोवळ्याचा लाल, ओठांचा लाल, शेल्याच्या काठाचा लाल. कारागिराने चुकीची वाटी उचलली तर ती ओरडून सांगायची.

त्या कारखान्यात रंगकाम बरेच जण करत, पण डोळे एकच माणूस काढायचा. मूर्तीचे डोळे काढण्याला तिथे आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत गणपती नुसता मातीचा किंवा प्लास्टरचा, आखणी झाली की तो बघायला लागतो. हा आखणीवाला पेणमधलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. हंगामात तो तीनचार कारखान्यांत फिरायचा. प्रत्येकाचे दिवस ठरलेले. त्याचा एक दिवस चुकला की मूर्ती अडकल्या, मूर्ती अडकल्या की गाड्या अडकल्या, आणि गणपती काही तिथी पुढे ढकलत नाही.

भाचीला त्या पावसाळ्यात बरेच दिवस सर्दी होती. नाकातून घट्ट, हिरवट पिवळं येत होतं. रात्री तोंड उघडं टाकून झोपायची. कपाळ दुखतं म्हणायची. ताईने सासूला सांगितलं, तर सासू म्हणाली, पावसात कोणाचं नाक वाहत नाय? तेही खोटं नव्हतं. मग तिला ताप आला, उतरला, परत आला. आणि एका सकाळी ती उठली ती डाव्या डोळ्याची पापणी सुजवूनच.

गल्लीत घरोघर डोळे आलेले, त्यामुळे कोणाला दुसरा विचार सुचलाच नाही. डोळे आले. आणि सोमवारी आखणीवाला येणार होता. हे दोन विचार एकाच वेळी सासूच्या डोक्यात आले आणि तिने निर्णय घेऊन टाकला. पोरीला ताबडतोब आजोळी पाठवा. आखणीवाल्याला डोळे आले तर सगळा हंगाम गेला. ताई म्हणाली, तापात कशी पाठवू? सासू म्हणाली, ताप काय, डोळ्यांबरोबर येतोच, आणि आजोळ म्हणजे काय परदेश? भावोजींनी पेण स्टेशनाबाहेर पोरीला प्लास्टिकचा काळा गॉगल घेऊन दिला, गाडीने निडीला आणून सोडलं आणि तसेच परत गेले. त्यांना प्लास्टरची पोती उतरवून घ्यायची होती.

हे सगळं मला नंतर कळलं. मी पहिल्या पाळीहून सायकलने घरी आलो तर आई दारातच उभी.

"आत जाऊ नको रे. बाय आलेय पेणहून. डोळे आलेत तिला."

"मग मी काय करू?"

"मागच्या खोलीत ठेवलीय. तिच्याकडे बघू नको. उद्या कंपनीत कसा जाशील?"

आईची माया कमी नव्हती. ती भाचीला पेज भरवत होती, अंग पुसत होती, डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवत होती. पण हे सगळं मान फिरवून. घडीसुद्धा हाताने चाचपून ठेवायची आणि लगेच वरून गॉगल लावून टाकायची. बाबा दाराबाहेरूनच तिच्याशी बोलत. शेजारची बाई भाजी द्यायला आली, तीही भिंतीकडे बघून म्हणाली, एकाला बघितलं की घर धरतं गो. म्हणजे त्या घरात पोरीवर चार माणसं जीव टाकत होती आणि तिच्या डोळ्याकडे एकानेही बघितलं नव्हतं. पेणहून निघाल्यापासून नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. गॉगल लावलेला. तिला त्या गॉगलचा अभिमान होता, आदल्या रात्री तर तिने तो झोपतानाही काढला नव्हता. मी खाली बघत तिच्यासमोरून जात होतो.

"मामा, तुला दोन डोकी आहेत."

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी म्हटलं, एक कंपनीत ठेवून येतो रोज.

ती हसली नाही. "खरंच दोन आहेत. एक जरा खाली आहे."

तेव्हा मी मान वर केली. तिच्या तोंडावर गॉगल सरळ बसत नव्हता. उजवी काच गालाला टेकलेली आणि डावी पुढे ढकललेली, जशी आतून कोणी बोटाने लोटतंय. मी गॉगल काढला. आई आतून ओरडली, अरे बघू नको. मी बघितलं.

पापणी जांभळट, ताणलेली, वांग्याच्या सालीसारखी चकाकणारी. बोटाने हळूच वर केली तर आतला डोळा पुढे आलेला आणि जरा खाली सरकलेला. पांढरं सुजलेलं, पण घाण अशी काही नाही. उजवा डोळा अगदी स्वच्छ. मी बोट इकडून तिकडे फिरवलं. उजवा डोळा बोटामागे गेला. डावा जागेवर राहिला, आणि ती कळवळून म्हणाली, नको मामा, दुखतं. अंग चुलीसारखं तापलेलं होतं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. पण साथीतले डोळे मी कंपनीत रोज बघत होतो. ते लाल असत, चिकटत, चुरचुरत, आणि तरी ती माणसं कामावर येऊन चहा पीत. हे ते नव्हतं, इतकं मला दिसत होतं. मी आईला म्हटलं, तू बघ. ती बघेना. मी म्हटलं, तुझ्या नातीची शपथ आहे, बघ. तिने बघितलं आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

मी भाचीला सायकलवर बसवून, बाबांनी मागून धरून, सडकेपर्यंत आणलं. तिथून मिनीडोर रिक्षाने रोहा. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर गॉगलवाल्यांची रांग पायऱ्या उतरून गटारापर्यंत गेलेली. साथीमुळे डॉक्टर डोळ्यांच्या रोग्यांना आत घेतच नव्हते. कंपाउंडर खिडकीतून बाटली द्यायचा. माझा नंबर आला तशी त्याने माझ्या हातात बाटली ठेवली.

मी म्हटलं, डॉक्टरांना बघू द्या. तो म्हणाला, डोळेच ना? मी म्हटलं, एकच डोळा आहे, ताप आहे, डोळा बाहेर आलाय. मागून कोणीतरी म्हणालं, ओ, आमचे पण बाहेरच आहेत, चला पुढे. रांग हसली. मी हटलो नाही. शेवटी आवाज ऐकून डॉक्टर दारापर्यंत आले. त्यांनी लांबूनच विचारलं, कधीपासून? मग म्हणाले, एक आज आलाय, दुसरा उद्या येईल, ड्रॉप घाला. मी परत डोळा बाहेर आल्याचं सांगितलं, नाकाचं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही शिकलेले दिसता, निदान तुम्ही तरी घाबरवू नका लोकांना. आणि आत गेले.

त्या डॉक्टरांना मी वाईट म्हणणार नाही. दिवसभर त्यांच्या दारात तेच डोळे येत होते. पण त्या पायरीवर उभा राहून मला इतका राग आला होता की ती बाटली मी गटारात फेकावी असं वाटलं. फेकली नाही. आमच्या घरात औषध फेकत नाहीत.

पेणला डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत हे मला माहीत होतं. बाबांना घरी पाठवलं आणि मी भाचीला घेऊन पेणच्या एसटीत बसलो. गॉगल बघून आमच्या बाकावर कोणी आलं नाही. पुढचा माणूसही उठून उभा राहिला. तेवढी एक सोय झाली. तिला आडवं होता आलं. नागोठण्याला तिने विचारलं, मामा, मी घरी चाललेय? मी म्हटलं, हो. तिने विचारलं, मग आखणीवाले गेले? तिलाही माहीत होतं ती कशासाठी बाहेर पडली होती.

पेणच्या डॉक्टरांकडे गर्दी तशीच होती, पण त्यांनी आत घेतलं. म्हातारे होते, चष्मा कपाळावर. गॉगल काढायला सांगितला आणि काढल्याबरोबर खुर्ची जवळ ओढली. नाक दाबून बघितलं, नाकाच्या मुळाशी बोट ठेवलं, तशी ती ओरडली. मग त्यांनी टेबलावरच्या एका बाटलीचं लाल झाकण काढलं. तिचा डावा डोळा हाताने झाकला आणि विचारलं, बाळ, हा कोणता रंग?

"सोवळ्याचा लाल."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, गणपतींच्या कारखान्यातली आहे. त्यांनी उजवा डोळा झाकला, डाव्याची पापणी स्वतःच्या अंगठ्याने वर धरली. आणि आता?

ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्याच्यात कोणीतरी गेरू घातलाय."

डॉक्टरांनी झाकण खाली ठेवलं. मला म्हणाले, दुसरं मूल असतं तर दोन्ही वेळा लालच म्हणालं असतं. मग त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, आणि मी ते इथे माझ्या शब्दांत लिहितो, कारण तेव्हा ते मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना हाडात पोकळ्या असतात. सर्दी मुरली की त्यांत पू होतो. या पोकळ्या आणि डोळा यांच्यामध्ये अंड्याच्या टरफलाएवढं पातळ हाड असतं, लहान मुलांत तर आणखी पातळ. पू तिथून डोळ्याच्या खोबणीत उतरला की डोळ्याला मागून लोटतो. मग पापणी सुजते, डोळा पुढे येतो, फिरत नाही, एकाचे दोन दिसतात. डोळ्यामागच्या शिरेवर दाब आला की आधी रंग फिके पडतात आणि मग दिसणंच जातं.

"हे डोळे आलेले नाहीत," ते म्हणाले. "हे नाक आहे. आणि वेळ फार नाही."

पेणला कान-नाक-घशाचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे, आणि ते कालच येऊन गेले होते. काल ती आमच्या मागच्या खोलीत गॉगल लावून बसली होती. त्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावरून आम्ही तिला लांब नेऊन ठेवलं होतं. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली आणि आजच्या आज निघा म्हणाले. त्यांनी माझ्याकडून फी घेतली नाही. त्यांच्या पाया पडायचं मला सुचलं नाही, ते राहून गेलं.

मी रामवाडीला गेलो. शेडच्या दारात सासू वाती वळत बसली होती. भाचीला बघून ती उठलीच आणि दार अडवून उभी राहिली.

"अरे, परत कशाला आणलीस? आत आखणी चाललीय."

मी म्हटलं, ताईला बोलवा.

"बाहेरच थांबा. आत नको. एवढा शिकलेला तू, तुला साथ कळत नाय?"

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. इतकं आठवतं की मी डोळा, नाक, पू, हाड असं सगळं एकदम सांगत होतो आणि त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, कारण ती पूर्ण वेळ खाली बघत होती. मी म्हटलं, मावशी, वर बघा. ती बघेना. शेवटी आवाज ऐकून ताई आली. तिने लेकीचा गॉगल काढला, बघितलं, आणि आत जाऊन चप्पल घालून आली.

"कुठं चाललीस गो?" सासूने विचारलं. "जेवणं व्हायचीत माणसांची."

"वाढून घ्या," ताई म्हणाली. लग्न झाल्यापासून सासूला तिने दिलेलं हे पहिलं उलट उत्तर असावं.

बाहेर टेम्पो उभा होता. मुंबईच्या एका दुकानाच्या मूर्ती त्यात भरून झाल्या होत्या, मधे मधे पेंढा खुपसून, वर ताडपत्री. भावोजी स्वतः चालवणार होते. त्यांनी लेकीचा डोळा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. पहिल्यांदा ते म्हणाले, मूर्ती दादरला उतरवून मग जाऊ, वाटेतच आहे. ताईने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, बरं, आधी हॉस्पिटल.

आम्ही चौघं पुढे, गणपती मागे. तो सगळा रस्ता खड्ड्यांतून. गाडी आदळली की भाची कण्हायची, आणि भावोजी वेग कमी करायचे. वेग कमी झाला की ताई म्हणायची, चला. मग ते वेग वाढवायचे आणि मागून पेंढ्यात काहीतरी घासल्याचा आवाज यायचा. पनवेलजवळ भावोजी माझ्याकडे न बघता म्हणाले, भाऊ, घराघरात डोळे आले होते, आम्हाला काय वाटणार? त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यानेच माझा राग वाढत होता. रागाला जागाच मिळत नव्हती.

रुग्णालयाच्या आवारात टेम्पो थांबला तशी ताडपत्री एका बाजूने सुटलेली होती आणि एक गणपती, आखणी झालेला, बाहेर बघत होता. अपघात विभागाच्या दारात बसलेली माणसं उठून हात जोडू लागली. आत मात्र आमचं गाऱ्हाणं कोणी ऐकेना. डोळ्यांच्या विभागात म्हणाले, नाकाचं आहे, मागच्या इमारतीत जा. मागच्या इमारतीत म्हणाले, डोळा सुजलाय, आधी डोळ्यांच्या विभागाचा शेरा आणा. मी तिला कडेवर घेऊन त्या दोन इमारतींच्या मधला पावसात भिजलेला बोळ किती वेळा ओलांडला ते मोजलं नाही. शेवटी मी पेणच्या डॉक्टरांची चिठ्ठी एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवली आणि म्हटलं, बाई, तिला लाल रंगात गेरू दिसतोय. त्या हसतील असं वाटलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, स्वतःच्या पेनचं लाल टोपण काढलं आणि तिच्यासमोर धरलं. मग फोन उचलून दोन्ही विभागांच्या डॉक्टरांना एकदम खाली बोलावलं.

शिरेतून औषधं सुरू झाली. डोक्याचा फोटो काढला त्यात पू दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा आणि नाक यांच्यामध्ये लहानसा छेद घेऊन तो काढला. पू किती निघाला ते त्यांनी सांगितलं, ताईने कानांवर हात ठेवले. भावोजी मूर्ती दुकानात पोचवून परत आले होते. दोन मूर्तींचे हात मोडले होते, ते त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं.

सूज उतरत गेली. डोळा मागे सरकला, फिरायला लागला, माझं दुसरं डोकं नाहीसं झालं. डॉक्टरीणबाई रोज सकाळी लाल टोपण धरायच्या. पहिले काही दिवस भाची म्हणायची, गेरू. मग म्हणायला लागली, जरा गेरू. आणि मग एका सकाळी तिने टोपण पुढे यायच्या आधीच सांगून टाकलं, लाल, दोन्ही लाल. बाई खूश झाल्या. घरी जायला परवानगी मिळाली.

माझ्या मनात मात्र शंका राहिली. आदल्या संध्याकाळी ताई तिला म्हणाली होती, सगळं नीट दिसायला लागलं की सोडतील, गणपतीच्या आधी घरी. पोर हुशार होती. मी डॉक्टरीणबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, शिरेवर दाब होता, पूर्ण यायला महिने लागतील, कदाचित थोडं राहीलही. डोळा वाचला हे मोठं. तपासायला आणत राहा.

रामवाडीत पोचलो तेव्हा शेडमध्ये शेवटची घाई होती. आखणीवाला स्टुलावर बसून एका मूर्तीचा उजवा डोळा काढत होता. हात थांबेपर्यंत कोणी त्याच्याशी बोलत नाही, म्हणून मी उभा राहिलो. डोळा पुरा झाल्यावर त्याने भाचीला जवळ बोलावलं, नाकाजवळचा टाका बघितला आणि मला विचारलं, काय झालेलं? मी सांगितलं. तिला का पाठवली होती तेही सांगितलं.

त्याने ब्रश वाटीत ठेवला.

"माझ्यासाठी?"

"होय."

"माझे तर आषाढातच येऊन गेले. पुढच्या गल्लीत गॉगल लावून आखणी केली मी." तो सासूकडे वळला. "वहिनी, मला विचारायचंत तरी."

सासू म्हणाली, तुम्हाला काय विचारायचं, तुम्ही आमचे देव. आणि ती चहा ठेवायला आत गेली. मी तिथेच उभा होतो. त्या सगळ्या धावपळीत, पेणहून निडी, निडीहून रोहा, रोह्याहून पेण, पेणहून मुंबई, एक प्रश्न एका माणसाला कोणी विचारला नव्हता. मला कोणावर तरी ओरडायचं होतं. तो परत ब्रश भिजवत होता आणि दुसरा डोळा काढायचा राहिला होता, म्हणून मी बाहेर आलो.

त्याच आठवड्यात मूर्ती न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला सासूने भाचीबद्दल सांगितलं, पोरीला डोळे आले होते, फार मोठे आले होते. मी म्हटलं, मावशी, डोळे आलेच नव्हते. ती म्हणाली, बरं बाबा, तू शिकलेला. आणि ते गिऱ्हाईक भाचीवरून नजर काढून मूर्तीच्या पायांकडे बघायला लागलं. ती त्याच्यासमोर जाऊन हनुवटी वर करून उभी राहिली. "बघा ना. काय होत नाय." तो बघेना.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने मला शेडच्या मागे नेलं, जिथे रंगांचे डबे असतात. एका वाटीत सोवळ्याचा लाल घेतला. डोळ्यांवर आलटूनपालटून हात ठेवून बघितलं. मग गेरूच्या डब्यातून चिमूट घेतली, लालात घातली, काडीने ढवळली. परत बघितलं. आणखी अर्धी चिमूट. कंपनीत मी थेंब थेंब औषध सोडतो तशी ती रंग सोडत होती. समाधान झाल्यावर वाटी माझ्यासमोर धरली.

"मला ह्या डोळ्याने लाल असा दिसतो. डॉक्टरबाईंना सांगू नको."

वाटीतला रंग विटेसारखा होता. मी बाईंना सांगितलं, सांगायलाच हवं होतं. औषधं चालू राहिली. दिवाळीला भाची आजोळी आली तेव्हा तिने बरोबर आणलेल्या रंगांतून परत वाटी करून दाखवली, गेरू कमी लागला. पुढे होळीला आणखी कमी. साथ मात्र पुढच्या पावसाळ्यातही आली. एसटीत एका लहान मुलाच्या डोळ्यांवर गॉगल बघून मी त्याच्या आईला म्हटलं, जरा काढून बघा, दोन्ही डोळे आलेत ना? तिने पोराला पदराखाली घेतलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्या हंगामात मी रामवाडीला गेलो तेव्हा भाचीला परत विचारलं. तिने लाल घेतला, करंगळीचं टोक गेरूच्या डब्यात बुडवलं, झटकलं, आणि बोटाला जे काही चिकटून राहिलं होतं तेवढंच वाटीत ढवळलं. मी वाटी उजेडात नेली, शेजारी स्वच्छ लालाची वाटी धरली, एकीकडून दुसरीकडे बघत राहिलो. मला दोन्ही सारख्या दिसत होत्या.

"फरक दिसत नाय ना तुला?" ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही.

"मला दिसतो," ती म्हणाली, आणि वाटी माझ्या हातातून घेऊन धुवायला गेली.